मतं भरायची नाहीत, मग वर्गात करायचं काय?

"समाजाचे प्रश्न वर्गात आणायचे म्हणजे शिक्षकाने आपली मतं मुलांच्या डोक्यात भरायची, असंच ना?" शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या मागोमाग दुसराही येतो: "बरं, मग सुरुवात कुठून करू?" दोन्हींचं उत्तर एकदमच देते, कारण सुरुवात चुकली की मतं भरणंच उरतं.

सुरुवातीचं एक उदाहरण बघा. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली ब्राझीलच्या ईशान्येकडच्या आंजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांचे साक्षरता वर्ग चालवले. वर्ग साधारण ४० तासांचे. त्यांच्या पद्धतीत अक्षरओळख सगळ्यात आधी येत नाही. आधी वस्तीत जाऊन लोक काय बोलतात ते टिपायचं. त्यातले सोळा-वीस शब्द निवडायचे. शब्दात भाषेतले वेगवेगळे ध्वनी यायला हवेत आणि त्यावर बोलायला लोकांकडे काहीतरी असायला हवं, या दोन कसोट्या.

'तिझोलो' हा त्यातला गाजलेला शब्द. अर्थ वीट. आधी बांधकामाचं चित्र दाखवून गप्पा: विटा कोण रचतं, घर कोणाचं होतं, रचणारा राहतो कुठे? मग शब्द फोडायचा: ति-झो-लो. प्रत्येक तुकड्याची बाराखडीसारखी ओळ भिंतीवर लिहायची: ता-ते-ती-तो-तू, झा-झे-झी-झो-झू, ला-ले-ली-लो-लू. आता शिकणाऱ्यांनी जोड्या लावायच्या. लोझा, म्हणजे दुकान. लाता, म्हणजे डबा. लूता, म्हणजे लढा. हा शेवटचा शब्द शिक्षकाने दिलेला नसतो, भिंतीवर बघून कोणीतरी स्वतः जुळवतं. मला या पद्धतीचा सगळा जीव इथेच दिसतो.

त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताचा अधिकार नव्हता, त्यामुळे वाचता येणं आणि मतदार होणं एकाच दाराने व्हायचं. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरे तुरुंगात गेले आणि पुढे देशाबाहेर.

आता तुमचा वर्ग. 'विषमता', 'पर्यावरण' असे विषय घेऊ नका, ते इतके मोठे असतात की मुलं पाठ केलेली वाक्यंच परत देतात. मोजता येईल अशी एक गोष्ट घ्या. समजा, पाणी भरणं. आदल्या दिवशी चिठ्ठ्या वाटा: घरी पाणी कोण भरतं, रोज किती मिनिटं? नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या आधी तुम्ही एकट्याने वाचा. एखाद्या उत्तराची एकच चिठ्ठी असेल तर ती फळ्यावर नेऊ नका, कोणाची ते वर्गाला लगेच कळतं. कोणत्याही मुलाचं दारिद्र्य वर्गाचं साहित्य होता कामा नये, यावर मी अजिबात तडजोड करत नाही. दोन तुकड्यांच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या तर हा धोका कमी होतो.

मग गणित. रोजची ४० मिनिटं म्हणजे वर्षाला १४,६०० मिनिटं, सुमारे २४३ तास. शाळेचा दिवस सहा तासांचा धरला तर साधारण ४० दिवस. हा भागाकार मुलांनाच करू द्या. चाळीसचा आकडा त्यांच्या पाटीवर उमटला की वर्ग क्षणभर गप्प होतो, आणि नेमकं तेव्हा तुम्ही बोलायचं नाही.

बहुतेक तास इथेच बिघडतात. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. मनातल्या मनात पाच अंक मोजा. अवघड जातं, पण जमतं.

त्यानंतर प्रश्न, पण क्रमाने. दिसतंय काय? हे काम कोणाच्या वाट्याला आलं आणि कोणाच्या नाही? असं कधीपासून? कोणी ठरवलं? वेगळं होऊ शकलं असतं का, कुठे झालंय का? चौथ्या प्रश्नावर उडी मारली की मुलं एखादा खलनायक शोधून मोकळी होतात, पहिले तीन त्यासाठीच आहेत. आणि पाचवा वेळेअभावी राहिला तर मुलं हताश होऊन घरी जातात, म्हणून ३५ मिनिटांच्या तासात त्याला शेवटची १० मिनिटं राखूनच ठेवा. शेवटी भित्तिचित्र काढायला लावणं टाळा. त्याऐवजी उत्तर न सापडलेला एक प्रश्न लिहून घ्या आणि तो कोणाला विचारायचा हे ठरवा: पाणीपुरवठा बघणाऱ्या कार्यालयाला, की घरातल्या मोठ्यांना?

आणि मुलांनी तुमचं मत विचारलं तर? विचारतातच. लपवू नका, पण सगळ्यांचं बोलून झाल्यावर सांगा, कारणासकट सांगा, आणि फळ्यावर मुलांच्या मतांच्या रांगेतच, त्याच खडूने लिहा. मग विचारा, याच्या विरोधात कोणाकडे काय आहे? हात वर येईपर्यंत पुन्हा पाच अंक.