छप्पर गेलं, छत टिकलं : वुर्झबर्गचा रेसिडेन्झ

फ्रँकफर्टहून वुर्झबर्गला जलद गाडीने जेमतेम सव्वा तास लागतो. माइन नदीच्या काठी, द्राक्षांच्या मळ्यांनी वेढलेलं हे शहर आपल्याकडे फारसं कुणाच्या ऐकिवात नसतं. रोंटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले ते याच गावात, एवढं सांगितलं की थोडी ओळख पटते. आम्ही मात्र निघालो होतो ते तिथला ‘रेसिडेन्झ’ बघायला. बाबा पुण्याहून आले होते. उभी हयात सार्वजनिक बांधकाम खात्यात गेल्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरले की ते आधी वर बघतात, बाकी सगळं नंतर. त्यांना दाखवायला मला यापेक्षा चांगली वास्तू सुचली नाही, कारण या राजवाड्याची सगळी गोष्ट त्याच्या छताची आहे.

स्टेशनपासून रमतगमत चालत गेलं तरी पंधरा मिनिटांत आपण राजवाड्यासमोर येतो. समोरच्या प्रशस्त चौकात मोटारी लावलेल्या असतात, ते मला खटकलं. पण त्या ओलांडून पुढे गेलं की पिवळसर दगडाचा तो अवाढव्य विस्तार डोळ्यांत मावत नाही. तीनशेहून अधिक खोल्या. नेपोलियन इथे उतरला होता आणि ‘युरोपातलं सर्वांत मोठं पाद्रीघर’ असं म्हणाला होता, असं सांगतात.

पाद्रीघर म्हणण्यात तथ्य आहे. वुर्झबर्गचा बिशप हा नुसता धर्मगुरू नव्हता, तो त्या मुलखाचा राजाही होता. हे राजे-बिशप पूर्वी नदीपलीकडच्या टेकडीवर, मारिएनबर्गच्या किल्ल्यात राहायचे. १७१९ मध्ये योहान फिलिप फ्रान्त्स फोन शोनबॉर्न गादीवर आला आणि त्याला किल्ला जुनाट वाटू लागला. शोनबॉर्न घराण्याला बांधकामाचं वेडच होतं. पैसाही अनपेक्षितपणे हाती आला : आधीच्या बिशपच्या एका दरबारी अधिकाऱ्यावर अपहाराचा आरोप होता, त्याने सहा लाख गुल्डन भरून प्रकरण मिटवलं. त्या रकमेवर १७२० मध्ये पायाभरणी झाली.

“म्हणजे शनिवारवाड्याच्या आगेमागेच की!” बाबा म्हणाले. खरंच, शनिवारवाड्याचा पाया १७३० चा.

काम सोपवलं बाल्टासार नॉयमान नावाच्या तरुणावर. हा माणूस मुळात घंटा आणि तोफा ओतणारा कारागीर, मग तोफखान्यातला अभियंता. एवढी मोठी वास्तू त्याने तोवर बांधलेली नव्हती. त्यामुळे व्हिएन्नाहून, पॅरिसहून, मेन्झहून नावाजलेल्या वास्तुतज्ज्ञांचे सल्ले आले, आराखड्यांवर आराखडे झाले. पण सुरुवातीपासून जागेवर उभा राहून काम ओढून नेणारा नॉयमानच. बिशप बदलत गेले तसं त्याचं नशीबही फिरलं. पहिला शोनबॉर्न १७२४ मध्ये अचानक वारला. पुढच्याला या खर्चात रस नव्हता. १७२९ मध्ये पहिल्याचा भाऊ फ्रीडरिश कार्ल गादीवर आला आणि काम पुन्हा धडाक्यात सुरू झालं. १७४४ मध्ये बांधकाम उभं राहिलं. दोन वर्षांनी तोही गेला, आणि नव्या बिशपने नॉयमानला चक्क कामावरून काढून टाकलं! १७४९ मध्ये कार्ल फिलिप फोन ग्राइफेनक्लाउ आला, तेव्हा कुठे त्याला परत बोलावणं गेलं. हे ऐकताना बाबा मान डोलवत होते. साहेब बदलला की फाइल कशी अडते हे त्यांना कुणी सांगायला नको.

आत शिरल्यावर पहिलं दालन बसकं आणि काहीसं अंधारं आहे. घोडागाड्या थेट इथवर येत आणि आतच वळत, म्हणून ते एवढं रुंद ठेवलंय. डाव्या हाताला जिना. पायऱ्या इतक्या कमी उंचीच्या की गुडघेदुखी असलेले बाबाही कठड्याला हात न लावता चढले. आणि चढता चढता छत उलगडायला लागतं. आधी थोडं आकाश, मग एक कडा, मग माणसं, प्राणी, झेंडे. मधल्या टप्प्यावर जिना उलटा वळून दोन बाजूंना फुटतो आणि मान वर केली की सगळंच्या सगळं चित्र एकदम अंगावर येतं.

बाबा टप्प्यावरच थांबले. “अगं, याला आधार कुठे दिलाय?”

आधार नाहीच. सुमारे अठरा मीटर रुंद, तीस मीटर लांब असं हे कमानदार दगडी छत मध्ये एकही खांब न घेता उभं आहे. त्यासाठी नॉयमानने हलका, सच्छिद्र दगड वापरला. त्या काळीच लोकांना हे अशक्य वाटलं होतं. दंतकथा अशी की व्हिएन्नाचा वास्तुतज्ज्ञ हिल्डब्रांट म्हणाला, हे छत टिकलं तर मी त्याखाली फास लावून घेईन. यावर नॉयमानचं उत्तर : हवं तर याच्याखाली तोफा डागून दाखवतो. कथा खरी असो वा नसो, तोफखान्यातल्या माणसाच्या तोंडी शोभते.

चित्र व्हेनिसच्या जोव्हान्नी बात्तिस्ता तिएपोलोचं. तो दोन मुलांना मदतीला घेऊन १७५० च्या डिसेंबरात इथे आला आणि १७५३ च्या नोव्हेंबरात परतला. ओल्या गिलाव्यावर रंग लावायचा तर त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा, कारण तो वाळला की रंग आत मुरत नाही. इथल्या कडाक्याच्या थंडीत हे जमण्यासारखं नव्हतं. म्हणून छताचं काम उन्हाळ्यात करायचं आणि हिवाळ्यात कापडावरची चित्रं. एवढं धीराचं काम, आणि हात मात्र कुठे अडखळलेला दिसत नाही.

मधोमध सूर्यदेव अपोलो, आणि चार कडांवर चार खंड. चढताना समोर येते ती अमेरिका, सुसरीवर बसलेली, डोक्यावर पिसांचा मुकुट. एका लांब बाजूला उंटासह आफ्रिका, दुसरीकडे हत्तीवर आशिया. वळल्यावर दिसतो तो युरोप, आणि तिथे चित्रकला, संगीत, वास्तुकला, वर पदकात खुद्द बिशपसाहेबांचा चेहरा. आपल्या खंडाकडे मी बराच वेळ बघत राहिले. हत्ती सुरेख आहे. पण त्याच्यापुढे जमिनीवर लोळणारे कैदीही आहेत. सगळ्या कला युरोपकडे आणि आपल्याकडे हत्ती आणि गुलाम, ही मांडणी मला मान्य नाही, आणि ती सुंदर रंगवलीय म्हणून मान्य करायचं कारणही नाही. तरी तिथून पाय निघत नव्हता हेही तितकंच खरं.

युरोपच्या कडेला, अगदी खालच्या रेषेत, लष्करी पोशाखातला एक माणूस तोफेवर रेलून ऐसपैस बसलाय. तो नॉयमान. ऑगस्ट १७५३ मध्ये तो वारला. जर्मन मार्कच्या शेवटच्या मालिकेत पन्नासच्या नोटेवर त्याची छबी होती आणि मागे हाच जिना. अभियंत्याचं चित्र नोटेवर, याचं बाबांना केवढं अप्रूप!

जिन्यावरून आपण पांढऱ्या दालनात येतो. आंतोनिओ बोस्सीने चुन्यात केलेली नक्षी, सगळी पांढरी-करडी, सोनं नाही. पुढच्या सम्राट-दालनात सोनं, संगमरवरी झाक आणि तिएपोलोची चित्रं यांची नुसती रेलचेल आहे. ११५६ मध्ये सम्राट बार्बारोसाचं लग्न वुर्झबर्गमध्ये लागलं, त्याचं चित्र इथे आहे, आणि चित्रापुढचा पडदा गिलाव्यातल्या पोरसवदा देवदूतांनी बाजूला ओढून धरलाय. पडदाही गिलाव्याचाच. रंग कुठे संपतो आणि चुना कुठे सुरू होतो ते जवळ जाऊनही चटकन कळत नाही.

मग आम्ही युद्धाची छायाचित्रं ठेवलेल्या खोलीत आलो.

१६ मार्च १९४५. युद्ध संपायला दोन महिनेही उरले नव्हते. त्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या दोनशेहून अधिक विमानांनी सुमारे वीस मिनिटांत जुन्या वुर्झबर्गचा नव्वद टक्के भाग भस्मसात केला. पाच हजारांच्या आसपास माणसं मेली. रेसिडेन्झची लाकडी छपरं पेटली, दोन्ही बाजूंचे भाग आतून जळून गेले, मजले कोसळले. मधल्या भागाचंही छप्पर जळत खाली आलं, ते थेट नॉयमानच्या छतावर. छत हललं नाही. खाली जिना शाबूत, चित्र शाबूत.

बाबा त्या फोटोपुढे बराच वेळ उभे होते. काळ्या पडलेल्या भिंती, वर उघडं आभाळ.

पण आगीतून वाचलेलं पाण्यात जाणार होतं. छप्पर नसल्याने पाऊस सरळ कमानीच्या पाठीवर पडत होता. दगडात मुरलेलं पाणी चुन्यातले क्षार घेऊन खाली उतरतं, पृष्ठभागावर येऊन वाळतं आणि रंगाची पापडी सोडवतं. गळक्या घरात राहिलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. अशा वेळी अमेरिकन सैन्यात कलावस्तूंच्या रक्षणाचं काम करणारा जॉन डेव्हिस स्किल्टन नावाचा अधिकारी इथे पोचला. शहरात लोकांना डोक्यावर पत्रा मिळत नव्हता, तिथे चित्रासाठी लाकूड कुठून आणायचं? त्याने माइनच्या काठाने हिंडून लाकूड शोधलं, ते कापून घेतलं, माणसं जमवली आणि १९४५ सालीच मधल्या भागावर तात्पुरतं छप्पर चढवलं. तिएपोलो आज दिसतो तो या कामचलाऊ छपरामुळे. मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा माणूस हाच वाटतो, आणि एवढ्या सोनेरी राजवाड्यात त्याची आठवण एका साध्या खोलीत जपलीय याचा मला मनापासून आनंद झाला.

पुढची दुरुस्ती चालली ती १९८७ पर्यंत. फर्निचर, भिंतींवरची विणलेली चित्रं, काढता येण्यासारखी लाकडी नक्षी युद्धकाळात आधीच हलवली होती. ज्या दालनांचं असं काही हाती उरलं होतं ती पुन्हा सजवली. सगळ्याच खोल्यांचा हट्ट धरला नाही.

एका खोलीचं मात्र काहीच उरलं नव्हतं. दक्षिणेकडच्या दालनांत मार्गदर्शक बाईंनी आम्हाला तिथे नेलं. आरसेमहाल. आकाराने फार मोठा नाही, पण भिंत म्हणून दिसतच नाही. जिकडेतिकडे काच, काचेत सोनेरी वेली, पक्षी, चिनी धाटणीची माणसं. या काचा भिंतीत पक्क्या बसवलेल्या असल्याने काढता आल्या नव्हत्या आणि त्या रात्री सगळ्या वितळून-फुटून गेल्या. हाती राहिला एक तुकडा, काही जुनी छायाचित्रं आणि एकोणिसाव्या शतकातलं एक जलरंगचित्र. छायाचित्रांवरून रेषा मिळाल्या. रंग कळायला ते जलरंगचित्र आणि तो तुकडा.

१९७९ ते १९८७ अशी आठ वर्षं त्यावर काम झालं. चित्र काचेच्या मागच्या बाजूने काढायचं असतं, त्यामुळे सगळा क्रम उलटा : नेहमी शेवटी येणारी बारीक रेष आधी, पार्श्वभूमी शेवटी. काही ठिकाणी काचेला मागून सोन्याचा वर्ख लावून सुईने कोरलंय. मी एका पक्ष्याजवळ गेले. पंखाच्या प्रत्येक पिसात केसाएवढ्या बारीक रेघा होत्या, आणि त्या रेघांमागून माझाच चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता.

“मग हे जुनं म्हणायचं की नवं?” बाबांनी विचारलं.

नवंच म्हणायचं, असं माझं मत आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. इथे कुणी ते लपवत नाही, सालासकट सांगतात. विसाव्या शतकातल्या कारागिरांनी अठराव्या शतकातली, हातातून सुटलेली विद्या प्रयोग करकरून परत मिळवली. मला तर जिन्यावरच्या छताइतकाच या खोलीचा आदर वाटला. बाबांना ते तितकंसं पटलं नाही. त्यांच्या मते मूळ ते मूळ. परतीच्या गाडीतही आमचा वाद चालू होता.

१९८१ मध्ये रेसिडेन्झ जागतिक वारसायादीत आला. तुम्ही जाणार असाल तर एक सुचवते : आधी जुन्या नगरभवनात, ग्राफेनएकार्टमध्ये जा. तिथे जळून गेलेल्या शहराची प्रतिकृती ठेवलीय. दर १६ मार्चला रात्री नऊ वीस ते नऊ चाळीस शहरातल्या घंटा वाजतात, तेवढीच मिनिटं. ते बघून मग रेसिडेन्झकडे वळा, आणि आत गेल्यावर मार्गदर्शकासोबतची फेरी चुकवू नका. आरसेमहाल त्यातच आहे.