शेपटीच्या बुडाशी आलेले पीस

गुरुवार, रात्र

काल सिन्नरचे काका आले होते. चहाच्या आधीच ते परसात गेले, कोंबड्याला उचलून काखेत धरले, शेपटीच्या बुडाशी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, हा सेब्राइट नाही हो, क्रॉस आहे." मग चहा झाला, द्राक्षबागेवरच्या थंडीविषयी बोलणे झाले आणि ते गेले. मी मात्र कालपासून त्याच वाक्यापाशी अडले आहे : माझा कोंबडा शुद्ध सेब्राइट जातीचा नाही, मिश्र जातीचा आहे.

श्रावणात गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून मी हे पिल्लू आणले, तेव्हा विकणाऱ्याने "बँटम आहे" एवढेच सांगितले होते आणि ते खरेच होते. बँटम ही काही एक जात नव्हे. जावा बेटावरच्या बँटम, म्हणजे आताच्या बांतेन, या बंदराच्या नावावरून लहान चणीच्या कोंबड्यांना ते नाव पडले. जपानचा आखूड पायांचा चाबो, मलेशियातला छाती काढून उभा राहणारा सेरामा, पायभर पिसांचा पेकिन आणि सेब्राइट हे सगळे बँटमच. याच्या पायाला पाच बोटे नव्हती, म्हणून मी सिल्की वगळला आणि पाय आखूड नव्हते, म्हणून चाबो. डोक्याला चिकटून बसलेला, बारीक काट्यांचा, मागे टोक काढलेला तुरा, पाटीसारखे निळसर-करडे पाय आणि काळ्या किनारीची सोनेरी पिसे एवढे जुळल्यावर मी सेब्राइट हे नाव पक्के केले, खुराड्याच्या दारावर खडूने लिहिले आणि पुण्याला फोन करूनही सांगितले. माईंना सांगायचे मात्र राहून गेले.

या जातीची सर्वांत ठळक खूण म्हणजे नराची पिसे मादीसारखी गोल टोकांची असतात. सर जॉन सेब्राइट (१७६७–१८४६) या इंग्रज गृहस्थांनी ही जात घडवताना तेच रूप कायम केले. या कोंबड्यांच्या कातडीत नराच्या संप्रेरकाचे मादीच्या संप्रेरकात रूपांतर होते, म्हणून नराच्या पाठीवर टोकदार पिसे येत नाहीत आणि शेपटीला कोयत्यासारखा बाक येत नाही. आई-बापांपैकी एकच सेब्राइट असेल, तर हा गुण अर्धामुर्धाच उतरतो. आणि माझी चूक झाली ती इथेच. दोन महिन्यांच्या कोणत्याही कोंबड्याची पाठ गोल पिसांचीच असते, हे मला ठाऊक होते; तरीही जी गोष्ट केवळ त्याच्या वयाची होती, ती मी जातीची खूण म्हणून आनंदाने मोजली. सेब्राइट नर ६०० ग्रॅमच्या आसपास भरतो. हा पंधरा दिवसांपूर्वीच ७५० भरला, तेव्हा मी त्याचे श्रेय बाजरीला दिले.

आज पहाटे बॅटरी घेऊन त्याला मांडीवर बसवले. शेपटीच्या बुडाशी एकच पीस बाकीच्यांपेक्षा लांब, निमुळते आणि तांब्यासारखे चकाकणारे आले आहे, आणि त्याची काळी किनार अर्ध्यावरच विरून गेली आहे. मग पाय पाहिले, तर बाहेरच्या बोटाच्या वर, खवल्यांच्या फटीत तांदळाच्या दाण्याएवढी दोन पिसे होती. मागे कुठेतरी पायाला पिसे असलेली एखादी कोंबडी या वंशात येऊन गेली असणार. दर आठवड्याला याच पायांना मी खोबरेल लावते. ती दोन पिसे माझ्या बोटांखालून किती वेळा गेली असतील, आणि मला दिसली नाहीत. कोंबडा क्रॉस निघाल्याचे वाईट वाटतच नाही. इतके दिवस हातात घेऊन मी त्याला पाहिलेच नाही, हे काही केल्या मनातून जात नाही. माईंच्या शेवटच्या दिवसांतही मी असेच... ते आज नको.

तो मात्र मांडीवर निवांत होता. माझ्या बांगडीवर दोनदा चोच मारून पाहिली, मान वर केली आणि अजून पुरता न फुटलेल्या आवाजात एकदा आरवला. जाताना काकांनी "पण अंगाने छान भरलाय" असेही म्हटले होते. कालच्या धक्क्यात ते वाक्य मी ऐकूनही सोडून दिले होते. आज ते आठवले, आणि ते बरोबरच आहे.

संध्याकाळी खुराड्याच्या दारावरचा खडू ओल्या फडक्याने पुसला. वहीत जातीच्या रकान्यात लिहिले : बँटम, नर, साधारण पाच महिने, एक बाजू सेब्राइटची असावी, तुरा चपटा, काटेरी, पाय निळसर, दोन्ही पायांवर बाहेरच्या बाजूला दोन-दोन पिसे. उजव्या पायावरची पिसे मात्र लिहिण्याआधी पुन्हा जाऊन मोजली.