खटाऱ्याची मतं गेली कुठे?

निवडणूक जवळ आली की मला एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही अलिबागकडच्या ना? मग तुमच्याकडची शेकापची, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाची, मतं गेली कुठे?" मुंबईतले नातेवाईक विचारतात, नव्याने वार्ताहर झालेली मुलं विचारतात, लग्नात शेजारी बसलेली बाईसुद्धा विचारते. प्रश्नामागचा खरा प्रश्न असा असतो की, पिढ्यान्‌पिढ्या एका पक्षाला मत देणारी माणसं एकाएकी पक्ष सोडतात तरी कशी? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एकाएकी कुणीच सोडत नाही.

माझं माहेर काँग्रेसचं आणि सासर शेतकरी कामगार पक्षाचं. आज हे वाचून कुणाला काही वाटणार नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र आजोबा जेवणाच्या पाटावरून उठून गेले होते. आमच्या भागात पक्ष ही मतदानाच्या दिवसापुरती गोष्ट नव्हतीच. गावात होळ्या दोन लागायच्या, एक त्यांची आणि एक आपली. किराणा कुणाच्या दुकानातून आणायचा, भात कुणाच्या गिरणीवर न्यायचं, कुणाच्या लग्नाला घरटी जायचं आणि कुणाच्या लग्नाला फक्त आहेर पाठवायचा, हे सगळं पक्षावरून ठरायचं. सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नसत. सासरी आल्यावरच्या पहिल्याच निवडणुकीत सासूबाईंनी मला सांगितलं, "या घरातलं मत खटाऱ्याला जातं." खटारा म्हणजे बैलगाडी, पक्षाची निशाणी. त्यांनी ते दटावून सांगितलं नव्हतं. देवघरात दिवा कुठे ठेवायचा हे ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात हेही सांगितलं.

ही निष्ठा कुठून आली ते कळल्याशिवाय ती कशी गेली हे कळणार नाही, म्हणून थोडं मागे जाते. अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने तिथल्या आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांनी, ठरवलं की खोताची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही. हा संप जवळपास सहा वर्षं चालला. भाताच्या मुलखात सहा पावसाळे शेतात पाऊल टाकायचं नाही, म्हणजे काय झालं असेल याचा विचार करा. माणसं लाकूडफाटा विकून जगली, खाडीत मासे-चिंबोऱ्या धरून जगली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. शेकाप तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो १९४७ सालचा, केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या काँग्रेसमधून बाहेर पडलेल्यांनी काढलेला. पण संपात होरपळलेल्या घरांनी त्याचा लाल बावटा आपला मानला तो कायमचा.

पुढे कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवशी कूळ कायद्याने कसत्या जमिनीचं मालक ठरलं. आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत कलम ३२-म चं, म्हणजे कूळ मालक झाल्याचं, प्रमाणपत्र अजून आहे. कागद पिवळा पडलाय, घड्यांवर फाटलाय, फाटलेल्या जागी कुणीतरी मागून पतंगाचा कागद खळीने चिकटवलाय. त्यावर आजेसासऱ्यांचं नाव आहे, खाली गट आणि आकार. सासूबाई तो कागद काढायच्या तेव्हा आधी हात पदराला पुसायच्या. कायदा केला काँग्रेसच्या सरकारने, हे मला माहेरी शिकवलं होतं. सासरी तो कागद पक्षाने मिळवून दिलेला होता. मला आज दोन्ही खरं वाटतं, कारण संपाशिवाय कायद्याला धार आली नसती.

त्यानंतर पक्ष थांबला असंही नाही. नवी मुंबईसाठी सिडको या सरकारी महामंडळाने जमिनी घेतल्या तेव्हा उरण-पनवेलचे शेतकरी शेकापच्या दि. बा. पाटलांच्या मागे रस्त्यावर उतरले. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. आणि २००८ साली पेण तालुक्यातल्या बावीस गावांत महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही यावर मतदान घ्यायला सरकारला भाग पडलं. शेकापचे प्रा. एन. डी. पाटील त्या लढ्यात पुढे होते. जमीन वाचली.

इथे ऐकणारा मला थांबवतो. लढा जिंकलात, जमीन वाचली, मग मतं का गेली?

माझं उत्तर कुणाला फारसं आवडत नाही. मतदाराला पक्षाशी दोन दोऱ्यांनी बांधलेलं असतं, एक उपकाराची आणि एक वैराची. उपकाराची दोरी दर पिढीला पातळ होत जाते. आजेसासऱ्यांनी खोताची चावडी पाहिली होती, सासऱ्यांनी तिच्या गोष्टी ऐकल्या होत्या, माझ्या मुलाला फक्त पेटीतला कागद माहीत आहे. त्याच्या काळात थळला खताचा कारखाना आला, डोलवीला पोलाद आलं, उरणला बंदर आलं. त्याला हवी होती नोकरी, नाहीतर गाडी लावायला एखादा ठेका. जमीन वाचवायला विरोधी पक्ष कामाचा असतो, ठेका मिळवायला सत्तेतला माणूस लागतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या घराला पोट भरायचं आहे त्याचं गणित असंच असतं, आणि या मुलांना गद्दार म्हणणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

तरीही मतं टिकली होती. ती टिकली होती वैराच्या दोरीवर. काहीही झालं तरी त्यांना मत द्यायचं नाही, एवढ्यावर कितीतरी घरं खटाऱ्याबरोबर राहिली. ही दोरी मतदारांनी तोडली नाही, नेत्यांनी सोडली.

क्रम बघा. २००९ च्या लोकसभेला रायगडात शेकाप शिवसेनेच्या अनंत गीतेंबरोबर होता, समोर काँग्रेसचे बॅरिस्टर अंतुले. २०१४ ला पक्षाने रमेश कदम यांना उभं केलं, म्हणजे गीतेही नकोत आणि राष्ट्रवादीचे सुनील तटकरेही नकोत. तेव्हा कदमांना लाखाहून जास्त मतं पडली आणि गीते जेमतेम २,११० मतांनी निवडून आले. २०१७ ला जिल्हा परिषदेत शेकाप राष्ट्रवादीबरोबर बसला. २०१९ ला प्रचार करायचा होता तटकरेंचा, गीतेंच्या विरोधात. २०२४ ला पुन्हा गीतेंचा, तटकरेंच्या विरोधात. माणसं तीच दोन. आमच्या गावातल्या कार्यकर्त्याने एकाच ओट्यावर उभं राहून एकदा हे वाईट म्हणून सांगायचं, पाच वर्षांनी ते वाईट म्हणून सांगायचं.

प्रत्येक वेळी वरच्या पातळीवर कारण होतं, हे मान्य. छोट्या पक्षाला आघाडीशिवाय गत्यंतर नाही, तेही कळतं. पण ज्या घराने तीस वर्षं सख्ख्या भावाच्या घरी पाणी प्यायलं नाही, त्याला कारण कुणी विचारलं नाही की समजावलं नाही. आमच्या शेजारच्या काकांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली. २०१९ ला ते मला म्हणाले, "जोडीतला उजवा बैल डावीकडे जुंपलास तर तो अडतो गं. आमाला तर दर पाच वर्षांनी फिरवून जुंपतात." ते रागावले नव्हते. थकले होते. त्या विधानसभेला रायगडात शेकापचा एकही आमदार आला नाही. अलिबाग आणि पेण या २०१४ ला राखलेल्या जागाही गेल्या.

वैर संपलं हे चांगलंच झालं, असं कुणीही म्हणेल आणि मीही म्हणते. आज आमच्या गावात होळी एकच लागते. माझ्या माहेरचे लोक आता जेवायला थांबतात. पण वैर संपल्यावर माणूस मोकळा होतो, आणि मोकळा झालेला माणूस पहिल्यांदाच इकडे-तिकडे बघतो. त्या क्षणी पक्षाकडे दाखवायला नवं काहीतरी असावं लागतं.

आता सोडतात कसे, ते सांगते. मत ही सगळ्यात शेवटी जाणारी गोष्ट आहे. आधी माणूस बैठकीला येईनासा होतो, काहीतरी काम काढतो. मग वाद घालणं सोडतो. पक्षाला कुणी नावं ठेवली की पूर्वी जो उसळायचा, तो नुसतं ऐकून घेतो. माझ्या मते माणूस गेला तो त्याच दिवशी. पुढे लोकसभेला मत दुसरीकडे, पण ग्रामपंचायतीला अजून आपल्याच माणसाला, कारण तिथे पक्षाची निशाणी नसते आणि उमेदवार भावकीतला असतो. असं दोन-तीन निवडणुका चालतं.

मतदानाच्या दिवशी हे डोळ्यांना दिसायचं. शाळेपासून थोड्या अंतरावर दोन्ही पक्षांची टेबलं असायची. यादी, पट्टी, बॉलपेन, चहाचा थर्मास. मतदार आपल्या टेबलावर जाऊन नाव शोधून घ्यायचा आणि अनुक्रमांकाची चिठ्ठी घेऊन आत जायचा. चिठ्ठी कुणाकडून घेतलीस यावरून मत कुणाला हे सगळ्या गावाला कळायचं. मग हळूहळू काही माणसं दोन्ही टेबलं टाळून बांधावरून, मागच्या बाजूने शाळेत जायला लागली. टेबलावर बसणाऱ्यांना ती दिसायची. कुणी हाक मारायचं नाही. हल्ली चिठ्ठी बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारा सरकारी माणूस, घरी आणून देतो, त्यामुळे बांधावरून जायचीही गरज उरली नाही. जाणाऱ्याला कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, ही फार मोठी सोय आहे.

बायकांबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मत बायकाही देत होत्या, पण ते घराचं होतं. बचत गट आले आणि दोन्ही बाजूंच्या बायका महिन्यातून एकदा एका सतरंजीवर बसायला लागल्या. तिथे कळलं की पाण्याचा हंडा दोघींचाही तितक्याच लांबून येतो. मतदान यंत्रासमोरच्या पुठ्ठ्याआड कोण बघतंय? माझा अनुभव असा की आमच्याकडे बायका पुरुषांच्या आधी मोकळ्या झाल्या आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. २०२४ ला लाडकी बहीण योजनेचे दीड हजार खात्यात आले, तेव्हा पुरुष मंडळी बायकांच्या मताची चर्चा करू लागली. चर्चा फार उशिरा सुरू झाली.

पैशाचं काय, हा पुढचा प्रश्न असतो. पैसे वाटले जातात, ते मी नाकारत नाही. पण पैसे घेऊन आपल्याच निशाणीवर बोट ठेवणारी माणसं मी खूप बघितली आहेत. ज्याचं मन आधीच निघालंय त्याला पैशाने निमित्त मिळतं, एवढंच. आणि पनवेलचं उदाहरण कुणी देऊ नये. तिथे शहर इतकं वाढलं की जुना मतदार नव्या इमारतींच्या गर्दीत अल्पसंख्य झाला. तो पक्ष सोडून गेला असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

नेते गेले म्हणून मतदार गेले, हेही अर्धंच खरं. दि. बा. उतारवयात शिवसेनेत गेले तेव्हा आमच्याकडे चूल पेटली नव्हती अशी घरं होती, पण त्या घरांनी खटारा सोडला नाही. पेणचे आमदार राहिलेले धैर्यशील पाटील २०२३ ला भाजपमध्ये गेले तेव्हा मात्र लोकांनी बातमी वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. नेत्याच्या जाण्याने मतदार हलत नाही, तेव्हा समजावं की एकतर तो फार घट्ट आहे, नाहीतर आधीच निघून गेलाय.

शेवटी विचारतात, ती मतं परत येतील का? मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडे बोट दाखवते. शेकापचे गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा आमदार म्हणून निवडून आले. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत आणि त्यांचे नातू अनिकेत अवघ्या ७६८ मतांनी पडले. सगळे म्हणाले, संपलं. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले. समोर शिंदेंची शिवसेनाही होती आणि आघाडीतल्या ठाकरेंच्या शिवसेनेचाही उमेदवार होता. शेकाप दोघांच्याही विरोधात लढला आणि जागा परत घेतली. त्याच निवडणुकीत अलिबागला शेकापच्या चित्रलेखा पाटील पडल्या, पण दुसऱ्या क्रमांकावर राहिल्या. म्हणजे मतं समुद्रात गेलेली नाहीत, गावातच आहेत. त्यांच्याशी बोलायला मात्र निवडणूक नसतानाच्या दिवसांत यावं लागेल. भाताला पाणी नसतं तेव्हा, कंपनी मुलांना कामावरून काढते तेव्हा. आणि पुढच्या वेळी कुणाबरोबर जायचं हे मुंबईत ठरण्याआधी गावाच्या ओट्यावर विचारावं लागेल. आमचे काका अजून आहेत, ते सांगतील.