कोनतं औषध?

पोळा होऊन तीन दिवस झाले होते. सर्जरीच्या वॉर्डात कॉटवर बसलेल्या आठ वर्षांच्या पोराच्या मांडीवर तान्ह्या पोळ्यातला लाकडी बैल होता, एक चाक निखळलेला. दुसऱ्या दिवशी त्याचं फायमोसिसचं ऑपरेशन होतं. लघवीच्या जागेवरची घट्ट झालेली कातडी काढायची, एवढंच. ती कातडी एरवी टाकून देतात. मला ती हवी होती.

वर्ध्याजवळच्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी माणसाची त्वचा वाढवते. कातडीचा तुकडा रात्रभर थंडीत एन्झाइमच्या द्रावणात ठेवला की वरचा थर सालीसारखा सुटतो. त्यातल्या केराटिनोसाइट पेशी मोकळ्या करायच्या, वाढवायच्या आणि बारीक छिद्रांच्या पडद्यावर दाट पेरायच्या. मग वरचं द्रावण काढून घ्यायचं. खालून अन्न, वरून हवा. हवा लागली की पेशी थरावर थर चढवू लागतात आणि दोनेक आठवड्यांत वर कोरडा, चिवट पापुद्रा धरतो, आपल्या हातावर असतो तसा. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नव्हता. आजही काढवत नाही.

या त्वचेवर मलम लावता येतं. ठरलेली मिनिटं ठेवायचं, धुवायचं, मग ४२ तास थांबायचं. नंतर एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या, तर तो पदार्थ त्वचेला दाहक. १९४४ पासून हेच सशांची पाठ भादरून तपासत आले. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि प्राण्यांऐवजी पेशींवरच्या, त्रिमितीय ऊतींवरच्या चाचण्यांनाही जागा मिळाली. ससे वाचतात याचा मला आनंद आहेच. पण सशाची कातडी माणसाची नव्हे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तर संमतीपत्र. नैतिक समितीने मंजूर केलेलं, मराठीतलं. मी वाचून दाखवत होते, "या ऊतीचा उपयोग औषधांच्या सुरक्षिततेची चाचणी करण्यासाठी केला जाईल."

पोराचा बाप आतापर्यंत मान हलवत होता. तो थांबला.

"कोनतं औषध?"

"वेगवेगळी, भाऊ. औषधं असतात ना."

"फवाऱ्याचं?"

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. आमच्याकडे कृषी केंद्रातून डब्यात आणतात ते औषध. कपाशीवर मारतात ते औषध. आणि एखाद्या घरी 'त्यानं औषध घेतलं' असं कोणी हळू आवाजात सांगितलं, तर पुढचं विचारायचं नसतं. मी कपाशीच्याच घरातली. तरी त्या वाक्यावरून माझी नजर कितीदा फिरली असेल आणि एकदाही अडली नाही.

तो कळंब तालुक्यातला, दुसऱ्याच्या वावरात रोजीने फवारणारा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, त्या वेळी तोही भरती होता. डोक्याएवढी कपाशी, त्यात दिवसभर पंप. डोळ्यांपुढे धुकं आलं, तोंडातून लाळ थांबेना, एवढंच त्याला आठवतं. बाजूच्या खाटेवरचा माणूस घरी गेला नाही.

"माह्या पोराच्या कातडीवर ते टाकून पाहता काय तुमी?"

मी कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कागदाशिवाय. दवाखान्यातली मलमं. खरजेची, गजकर्णाची. फवाऱ्याचं नाही. त्याने ऐकून घेतलं. बायकोकडे पाहिलं. मग जे म्हणाला त्याची मला कल्पना नव्हती.

"मंग टाकूनच पाहा न, मॅडम. आमच्या आंगावर तं रोजच पडते. तुमच्या डब्बीत पडलं तं कोनी मरत नाही."

हो म्हणणं सोपं होतं, सही लगेच मिळाली असती. मी म्हटलं, आत्ता ते करायची परवानगी मला नाही. आणि दुसरीही गोष्ट सांगितली. प्रोफेनोफॉससारखं फवाऱ्याचं विष कातडी ओलांडून रक्तात जातं आणि नसांचं काम चालवणारं एक एन्झाइम अडवून ठेवतं. माझ्या डबीत ना रक्त, ना नसा. कातडी जांभळी, सुखरूप दिसेल आणि माणूस तिकडे मरेल. कातडीतून किती विष पार होतं हे मोजता येतं, पण वाढवलेली त्वचा खऱ्या कातडीपेक्षा जास्त झिरपते, म्हणून ते सहसा ऑपरेशनमध्ये काढलेल्या खऱ्या कातडीवर मोजतात. आणि तीही घामेजत नाही.

"घाम तं लय येते," तो म्हणाला.

अशा संशोधनात सात वर्षांवरच्या मुलालाही विचारावं लागतं. मी पोराला विचारलं. त्याने बैलाचं चाक बसवता बसवता उलट विचारलं, "त्याले दुखते काय?" नाही म्हटलं, दुखणं कळायला नस लागते, ती त्यात नाही. "मंग न्या."

सही झाली. दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढा तुकडा थंड डब्यातून खाली आला. पेशी चांगल्या धरल्या.

संमतीपत्रातलं ते वाक्य मी त्याच आठवड्यात बदलून समितीकडे पाठवलं. आता तिथे 'दवाखान्यातली औषधं आणि मलमं. फवारणीचं औषध नाही' असं आहे. दुसरा अर्ज लिहायला वेळ लागला.

पोराला तपासायला आणलं तेव्हा बापाने पहिलं तेच विचारलं, "फवाऱ्याचं कवा?" अर्ज लिहिते आहे म्हटलं, आणि वही काढली. औषधाने भिजलेला सदरा अंगावर किती वेळ राहतो, भाऊ?

त्याने बोटांवर मोजलं. सकाळी आठला पंप पाठीवर. मध्ये भाकर, त्याच सदऱ्यावर. दोन वाजता विहिरीवर आंघोळ, विहिरीला पाणी असलं तर.

आमच्या चाचणीच्या पद्धतीत पदार्थ त्वचेवर ठेवायची मुदत १५ ते ६० मिनिटं आहे. अर्जात संपर्काच्या वेळेच्या रकान्यात मी सहा तास लिहिलं.