गोलपंचाच्या जागेवरून पाहिलेला सराव सामना

गेल्या रविवारी सकाळी मी स्वतःच्या मुलाच्या संघाविरुद्ध नऊ वेळा दोन्ही निशाणे फडकावली, आणि त्यानंतर घरी येऊन दुपारपर्यंत कोणाशी धड बोलले नाही.

मेलबर्नच्या उपनगरांतील फूटीचे, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे, क्लब पालकांच्या फुकटच्या मेहनतीवर चालतात, हे मागे एकदा लिहिले होते. कोणी वेळ नोंदवतो, कोणी पाण्याच्या बाटल्या घेऊन पळतो, कोणी कॅन्टीनमागे सॉसेज भाजतो. या वर्षी माझ्या वाट्याला गोलपंचाचे काम आले. अंगावर पांढरा कोट, हातात दोन पांढरी निशाणे आणि खिशात नोंदीचे कार्ड असा थाट असतो. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला की सहा गुण आणि दोन निशाणे. बाजूच्या आखूड खांबापर्यंतच्या जागेतून गेला की एक गुण आणि एक निशाण. गोलपंचाने कोणाची बाजू घ्यायची नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि पोटचा मुलगा समोर उभा असला तरी त्याला एक शब्दही सांगायचा नाही. हा शेवटचा नियम मला कामाचा तक्ता येईपर्यंत ठाऊक नव्हता.

सामना सोळा वर्षांखालील मुलांचा होता, आणि तोही सरावाचा. खरा हंगाम एप्रिलच्या मध्यावर सुरू होतो. तोवर मैदाने क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात असतात आणि माती टणक असते, म्हणून असले सामने जिथे जागा मिळेल तिथे उरकून घेतात. आमच्या प्रशिक्षकाने त्या दिवशी एकाही मुलाला त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवले नाही. गेली दोन वर्षे गोलासमोर भिंतीसारखा उभा राहणारा कर्णधार पुढे गोल मारायला गेला, मधल्या फळीतला सर्वांत चपळ मुलगा पहिला पाऊण सामना बाकावर बसला, आणि माझे चिरंजीव, जे आजवर कडेने धावत आले आहेत, फुलबॅक, म्हणजे गोलासमोरचा शेवटचा रक्षक, म्हणून थेट माझ्यापुढे दहा पावलांवर येऊन उभे राहिले. त्याच्याशी झुंजायला समोरच्या संघाने त्याच्याहून वीतभर उंच, मिसरूड फुटलेला एक मुलगा पाठवला.

या खेळात दर पाव सामन्यानंतर संघ टोके बदलतात आणि गोलपंच मात्र आपल्याच टोकाला राहतो. त्यामुळे पहिला आणि तिसरा पाव भाग मला आमच्या संघाचे संरक्षण अगदी जवळून पाहावे लागले. तिसऱ्या भागात त्या उंच मुलाने एकट्याने चार गोल मारले. प्रत्येक गोलानंतर माझा मुलगा तळहात चड्डीला पुसायचा आणि माझ्याकडे न पाहता पुन्हा जागेवर जाऊन उभा राहायचा. मी मात्र आधी दोन्ही हातांच्या तर्जन्या पुढे दाखवायचे, मग निशाणे उचलून, एकमेकांवरून आडवी नेत, दूरच्या टोकाच्या गोलपंचाला दिसतील अशी फडकवायचे. दुसऱ्या गोलानंतर वाटले, आता बदल होईल. तिसऱ्यानंतर प्रशिक्षकाचा निरोप्या धावत आला, तेव्हा खात्रीच झाली. त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एवढेच सांगितले, "चेंडू पकडायला जाऊ नकोस, मूठ मारून बाहेर काढ, कोच म्हणतात, इथेच राहायचे आहे." आणि तो आला तसा धावत परत गेला.

सामना आम्ही ९३ विरुद्ध ३० असा, म्हणजे त्रेसष्ट गुणांनी हरलो. शेवटच्या घोळक्यात प्रशिक्षक दहा मिनिटे बोलला आणि त्यात धावसंख्येचा, म्हणजे इथल्या भाषेत स्कोअरचा, उल्लेख एकदाही आला नाही.

कोट काढून परत द्यायला गेले तेव्हा मी त्याला विचारलेच. हा माणूस आठवडाभर प्लंबिंगची कामे करतो, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मुलांना शिकवतो आणि त्याचा एक पैसाही घेत नाही, हे ठाऊक असूनही माझा आवाज थोडा चढलाच असावा. "त्रेसष्ट गुणांनी हरलो," मी म्हणाले. त्याने चार घड्या घातलेला कागद खिशातून काढला. त्यावर मुलांची नावे आणि प्रत्येकासमोर काड्या होत्या. माझ्या मुलाच्या नावासमोर सात काड्या होत्या: तिसऱ्या भागात त्याने सात वेळा चेंडू मुठीने टोलवून गोलापासून दूर घालवला होता. यातले मला किती दिसले होते? खरे सांगायचे तर दोन. माझ्या खिशातल्या कार्डावर फक्त गोल होते.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मला साक्षात्कार झाला. तसे काही झालेले नाही. गाडी चालवताना मी मनातल्या मनात त्याच्याशी वादच घालत होते, आणि माझ्या बाजूने बोलायला या खेळाचा इतिहास बराच उपयोगी पडतो.

इथल्या वरिष्ठ साखळीतही, म्हणजे एएफएल या व्यावसायिक स्पर्धेतही, हाच प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहतो. नोव्हेंबरमध्ये सराव सुरू होतो. पहिल्या चार वर्षांतले तरुण खेळाडू आधी हजर होतात, अनुभवी मंडळी मागाहून येतात. मग दोन किलोमीटरची घड्याळ लावलेली शर्यत, डिसेंबर-जानेवारीच्या उन्हातली दमछाक, आणि अखेरीस फेब्रुवारीच्या शेवटी सरावाचे सामने. २०१३ पर्यंत या हंगामपूर्व सामन्यांना स्वतंत्र चषक होता, अंतिम सामना होता, बक्षीस होते. अडचण अशी की तो चषक जिंकल्याचा पुढे काय अर्थ निघतो हे कोणालाच कधी समजले नाही. २००५ साली कार्लटन या क्लबाने अंतिम सामन्यात वेस्ट कोस्टला हरवून तो चषक उचलला, आणि त्याच वर्षी मुख्य हंगामात कार्लटन गुणतक्त्यात तळाला राहिले. हरलेले वेस्ट कोस्ट मात्र सप्टेंबरमध्ये खऱ्या अंतिम सामन्यात खेळले. शेवटचा चषक २०१३ मध्ये ब्रिस्बेन लायन्सने जिंकला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा प्रशिक्षक मायकल व्हॉस याची गच्छंती झाली. त्याच व्हॉसने कर्णधार म्हणून २००१ ते २००३ अशी लागोपाठ तीन विजेतेपदे या संघाला मिळवून दिली होती.

आमच्या क्लबातले जुनेजाणते लोक ही उदाहरणे सांगतात आणि चहाचा कप खाली ठेवतात, जणू विषय संपला. पण १९९३ सालच्या एसेंडनचे काय? केव्हिन शीडी या प्रशिक्षकाने त्या वर्षी मिसरूड न फुटलेल्या पोरांना मैदानात उतरवले, लोकांनी त्या संघाला 'बेबी बॉम्बर्स' म्हटले, आणि त्यांनी हंगामपूर्व चषकही जिंकला आणि सप्टेंबरातले विजेतेपदही. त्यांचा फुलबॅक डस्टिन फ्लेचर तेव्हा बारावीत शिकत होता. अंतिम सामन्यात कार्लटनचा कर्णधार स्टीफन कर्नहान याने सात गोल मारले, तरी एसेंडन ४४ गुणांनी जिंकले. आणि तो शाळकरी मुलगा पुढे २०१५ पर्यंत, वयाच्या चाळिशीपर्यंत, त्याच क्लबाकडून चारशे सामने खेळला. याचा अर्थ मी असा लावते की पोरांना घडवणे आणि जिंकणे यांचे वैर नाही. नवरा म्हणतो, याचा अर्थ असा की सात गोल खाऊनही फुलबॅकला जागेवरून हलवायचे नसते. रविवारी संध्याकाळी आमच्या घरात हा वाद आमटी गार होईपर्यंत चालला.

'आम्ही तरुणांना संधी देतो आहोत' या वाक्याचा दुसराही उपयोग होतो, आणि तो इथल्या लोकांना फारसा ऐकायला आवडत नाही. तळाच्या संघाला त्याच वर्षाअखेरीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे अठरा वर्षांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला हक्क मिळतो. हरण्यात फायदा आहे म्हटल्यावर हरण्याला सुंदर नाव शोधणारेही निघणारच. मेलबर्न या क्लबाच्या २००९ सालच्या हंगामाची पुढे चौकशी झाली. मुद्दाम सामने हरल्याचे सिद्ध झाले नाही, तरी २०१३ मध्ये क्लबाला पाच लाख डॉलरचा दंड झाला आणि त्या वेळच्या दोघा जबाबदार व्यक्तींवर बंदी आली. त्या वर्षाच्या ड्राफ्टमधली पहिली दोन नावे त्यांनाच मिळाली होती. त्यातला पहिला, टॉम स्कली, दोनच हंगामांनी दुसऱ्या क्लबात गेला. विजेतेपद आले ते २०२१ मध्ये, सत्तावन्न वर्षांनी, आणि ते वेगळ्याच पिढीने आणले. हे सगळे मोठ्यांचे झाले, पैशांचे झाले. आमचा प्लंबर प्रशिक्षक कोणत्याही ड्राफ्टसाठी हरत नाही, हे मलाही कळते.

त्याचे स्वतःचे म्हणणे साधे आहे. चौदाव्या वर्षी ज्याची उंची आधी वाढली तो पुढे उभा राहून गोल मारतो, संघ जिंकतो, सगळे खूश होतात; सतराव्या वर्षी बाकीच्यांची उंची त्याला गाठते आणि त्याला उंचीखेरीज काही येत नसते. कडेने धावणाऱ्याला पाठीवर माणूस घेऊन कसे उभे राहायचे ते ठाऊक नसते. हे शिकवायला गुण नसलेले दोनच सामने हाताशी असतात, आणि ते सामनेसुद्धा जिंकण्यात घालवायचे तर शिकवायचे कधी? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर नसले की मला सांगली आठवते.

शाळेत मी खो-खो खेळत असे, असे मी इथे सर्वांना सांगते. खरे म्हणजे मी संघात असे. बारा जणींची नावे कागदावर जायची, नऊ जणी मैदानात उतरायच्या आणि तिघी राखीव. आठवी ते दहावी अशी तीन वर्षे मी त्या तिघींमध्ये होते. आमच्या सरांनी सरावाच्या सामन्यातसुद्धा त्या नऊ जणींना कधी हलवले नाही, कारण जिल्ह्याला जिंकणे म्हणजे विभागाला जाणे आणि विभागाला जिंकणे म्हणजे राज्याला जाणे. राज्यस्तरावर खेळले की बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, हे त्या नऊ जणींच्या आईवडिलांना तोंडपाठ होते. त्यांतली एक आज पोलिसात आहे. इथल्या पालकांसमोर मी हे मोठ्या अभिमानाने सांगते, आणि सांगताना आवाजात थोडी धारही येते, कारण मुलाला सरावाच्या सामन्यात खुशाल हरू देणे ही ज्यांच्या घरी नोकरीची काळजी नसते त्यांची चैन आहे, असे मला आजही वाटते. हिरव्यागार मैदानाच्या कडेला कॉफीचा कप हातात धरून 'निकाल महत्त्वाचा नाही' म्हणणे सोपे असते.

नवरा दादरचा असल्यामुळे त्याचा पुरावा नेहमी आझाद मैदानावरून येतो. १९८८ साली शारदाश्रमच्या दोन मुलांनी हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची भागीदारी केली, हे आपल्याला पाठ आहे. "पण त्या दोन दिवसांत सेंट झेवियर्सचे गोलंदाज काय शिकले, हे आपण कधी कोणाला विचारले का?" असे तो परवा म्हणाला. एरवी त्याच भागीदारीच्या गोष्टी सांगून त्याने मुलाला जेवू घातले आहे, त्यामुळे हा प्रश्न मला त्याच्या तोंडी शोभला नाही, असे मी त्याला सांगितले.

सर चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी नऊ जणींना घडवले. फक्त रविवारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही: मी संरक्षणाला उतरले असते तर किती वेळ टिकले असते, हे मला माहीत नाही, आणि सरांनाही माहीत नव्हते. मिनिटभर टिकले असते किंवा तीन मिनिटे. माझ्या नावासमोर काढायला कोणाकडे काड्याच नव्हत्या.

मुलाला या कशाचेच काही वाटलेले नाही. सोमवारी त्याच्या उजव्या मुठीची बोटे सुजली होती, त्यावर बर्फाची पिशवी धरून तो भात डाव्या हाताने, चमच्याने खात होता आणि आजीला फोनवर सांगत होता की चेंडूवर मूठ नेमकी कुठे बसली म्हणजे तो लांब जातो. आईने पलीकडून विचारले, "पण जिंकलात का रे?" तो म्हणाला, "तो सराव होता, आजी." आईने मला फोन द्यायला सांगितला आणि तोच प्रश्न मलाही विचारला.

दुसरा सराव सामना काल रात्री दिव्यांच्या उजेडात झाला. त्यात कर्णधार पुन्हा गोलासमोर होता, माझा मुलगा पूर्वार्धात बाकावर आणि उत्तरार्धात कडेला, आणि आम्ही अकरा गुणांनी जिंकलो. प्रशिक्षकाच्या हातात तोच कागद होता, पण त्यावर काय लिहिले ते या वेळी मी विचारले नाही. गोलपंच दुसरे कोणी होते आणि मी मनसोक्त ओरडले. गुणांचा पहिला सामना या रविवारी आहे. संघाची यादी गुरुवारी रात्री सरावानंतर क्लबाच्या गटावर येते. आज गुरुवार आहे, साडेआठ वाजले आहेत, आणि निकालाचे मला काही नाही असे दोनदा सांगून मी मोबाइल ओट्यावर उपडा ठेवला आहे.