लोंढ्यातले पाणी

वृत्तसाप्ताहिकाच्या मुखपृष्ठाचे काम मी अनेक वर्षे पाहत आहे, पण निर्वासितांवरील अंकाच्या दिवशी एका चित्रापुढे जितका अडखळलो तितका त्याआधी कधी अडखळलो नव्हतो. आतली पाने लागली होती, प्रूफे वाचून झाली होती आणि रात्री छपाईला जाण्याआधी केवळ पहिले पान उरले होते. दुपारी आमच्या चित्रकारांचे कच्चे चित्र आले. काठावर दिवे लागलेले शहर, त्याच्यावर कोसळू पाहणारी प्रचंड लाट, आणि जवळून पाहिले की ती लाट शेकडो चेहऱ्यांची बनलेली आहे हे ध्यानात येई. मथळा माझाच होता: ‘निर्वासितांचा लोंढा’.

चित्र सर्वांना आवडले, मलाही आवडले. ‘लोंढा’ हा शब्द आपण इतका वापरून झिजवला आहे की त्यात पाणी उरलेले नाही. आतल्या निर्वासितांवरच्या लेखातच तो सात वेळा आला होता आणि प्रूफ वाचताना मला एकदाही खटकला नव्हता. शेजारी लाट येऊन उभी राहिल्यावर मात्र त्या शब्दात पुन्हा पाणी भरले. मथळा आणि चित्र मिळून आता माणसे म्हणजे पूर असे सांगत होते, आणि पुराला बांध घालायचा असतो हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

कवितेतल्या रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही शब्दांतच भेटतात. मुखपृष्ठावर बहुधा त्यांची वाटणी होते, म्हणजे उपमेय मथळ्यात आणि उपमान चित्रात. अशा विभागलेल्या रूपकांचा चार्ल्स फोर्सव्हिल या अभ्यासकांनी सविस्तर विचार केला आहे. चित्राचे अनेक अर्थ संभवतात आणि शब्द त्यांतल्या एका अर्थाला नांगर टाकून बांधतो, हे फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी 1964 मध्येच मांडले होते. माझ्या मथळ्याने नांगर नेमका चुकीच्या जागी टाकला होता.

संपादकांनी सुचवले, ‘पुढे प्रश्नचिन्ह द्या, म्हणजे धार कमी होईल.’ त्यावर मी त्यांना ‘द इकॉनॉमिस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकाची दोन मुखपृष्ठे दाखवली. 2009 मध्ये ब्राझीलच्या भरारीवरच्या अंकात रिओची ख्रिस्तमूर्ती अग्निबाणासारखी आकाशात झेपावताना दाखवली होती. 2013 मध्ये तीच मूर्ती भरकटून गिरक्या घेताना दिसली. दुसऱ्या वेळी मथळा प्रश्नार्थक होता, ब्राझीलने संधी घालवली का, असे विचारणारा. चित्रातली मूर्ती मात्र भरकटलेलीच होती. शब्दाला ‘कदाचित’ म्हणता येते, चित्राला ते म्हणता येत नाही, आणि पानावर नजर आधी चित्रावरच पडते. संपादक बराच वेळ ती दोन पाने पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘तर मग चित्रकारांशीच बोला.’

मी फोन केला. चित्र कुठे बिघडले आहे हे मला नीट सांगता येत नव्हते, म्हणून इतकेच विचारले, ‘ही लाट तुम्ही कुठे उभे राहून पाहिली?’ ते क्षणभर थांबले. ‘काठावर,’ म्हणाले, आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, ‘पाण्यातून काढून पाहतो.’

संध्याकाळी नवे चित्र आले. शहराचे दिवे आता क्षितिजावर बारीक ठिपक्यांएवढे होते, बाकी सारे पान काळ्या पाण्याने भरले होते, आणि शेकडो चेहऱ्यांच्या जागी पाचच चेहरे पाण्याबाहेर मान काढून त्या ठिपक्यांकडे पाहत होते. लेखाचा गाभाही खरे तर हाच होता, कारण आश्रयाच्या अर्जावर निर्णय होईपर्यंत माणसे किती काळ अधांतरी राहतात याविषयीच तो होता. आता माणसे पाणी राहिली नव्हती. पाणी म्हणजे ते वाट पाहणे झाले होते. मथळा ‘किनारा किती दूर?’ असा केला. हा प्रश्न चित्रातली नजरही विचारत होती, म्हणून इथले प्रश्नचिन्ह मला खरे वाटले.

पान छपाईला सोडण्याआधी लेखकाला फोन करून आतला मजकूर पुन्हा उघडला आणि सातही ‘लोंढे’ काढले. पाच ठिकाणी नुसते ‘माणसे’ पुरले. दोन ठिकाणी सबंध वाक्य नव्याने लिहावे लागले.