नागपूरहून दिल्ली: तीन पिढ्यांचा गट आणि दिवसाला दोनच वास्तू

दिल्लीदर्शनाच्या तयार सहली भरपूर मिळतात. त्यांच्या पत्रकात एका दिवसात सात-आठ ठिकाणं असतात आणि त्यातली निम्मी बसच्या खिडकीतूनच दाखवतात. आमचा गट १४ जणांचा होता: साठीच्या पुढचे चार, शाळकरी मुलं चार आणि मधल्या पिढीतले सहा. अशा गटाला दिवसाला दोनच वास्तू नीट बघता येतात, असं आम्ही आधीच ठरवलं आणि तिकिटं, गाडी, गाइड सगळं त्या हिशोबानं बसवलं.

सगळ्यात आधी महिना ठरवावा लागतो. नागपूरच्या उन्हात वाढलेल्यांनाही मे महिन्यात दिल्लीचे किल्ले सोसत नाहीत, कारण तिथे मोकळी अंगणं मोठी आणि सावली कमी. दिवाळीच्या सुट्टीत शेतातले धसकट जाळल्याचा धूर शहरावर बसलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात. शिवाय २६ जानेवारीच्या संचलनाच्या तालमींमुळे कर्तव्य पथाचा परिसर मध्येमध्ये बंद असतो. १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्लाही काही आठवडे पर्यटकांसाठी बंद ठेवतात. हे सगळं वजा केल्यावर मुलांच्या वार्षिक परीक्षेआधीचा फेब्रुवारीचा मध्य उरला. सकाळी स्वेटर, दुपारी शर्ट, अशी हवा असते.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, त्यामुळे १४ जणांचे तुकडे करणं आलंच. ते तुकडे कसे करायचे ते महत्त्वाचं आहे. ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळण्याचा जो वेगळा कोटा आहे, तो तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच लागू होतो. पुरुषांसाठी वय ६० आणि बायकांसाठी ४५ धरतात. आजी-आजोबांना नातवंडांबरोबर सहाच्या तिकिटात घातलं की हा कोटा गेला. म्हणून आम्ही ज्येष्ठांची दोन-दोनची दोन तिकिटं वेगळी काढली आणि बाकी दहा जणांची सहा अधिक चार अशी. डबे वेगळे आले तरी चालतं. खालचा बर्थ मात्र हवाच, कारण नागपूर-दिल्ली जवळपास १,१०० किलोमीटर आहे आणि रात्र गाडीतच जाते. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती खर्चात धरू नका. आणखी एक गोष्ट: दिल्लीत गाडी कुठल्या स्टेशनवर संपते ते बघून हॉटेल घ्या. हजरत निजामुद्दीनला उतरणाऱ्यांनी नवी दिल्ली स्टेशनजवळच्या पहाडगंजात खोली घेतली तर पहिलीच सकाळ ट्रॅफिकमध्ये जाते.

गाइड दारावर गाठू नये. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेले गाइड गळ्यात ओळखपत्र घालतात. ते आधीच मागून बघावं. दर अर्ध्या दिवसाचा आणि पूर्ण दिवसाचा असा असतो आणि गट मोठा झाला की वाढतो, म्हणून फोनवर नेमका आकडा सांगायचा, मुलंसुद्धा धरून. आम्ही चार गोष्टी मेसेजवर लिहून घेतल्या. एक, कुठल्याही शोरूममध्ये किंवा एम्पोरियममध्ये थांबणार नाही. दोन, वास्तूची गोष्ट आत शिरण्याआधी सावलीत बसवून सांगायची आणि आत गेल्यावर फक्त दाखवायचं. तीन, लाल किल्ल्यात मराठ्यांबद्दल एका वाक्यावर भागवायचं नाही. चार, जेवण दीड वाजता, म्हणजे दीडलाच. दुसरी अट सगळ्यात जास्त कामाला येते. उन्हात उभं राहून वीस मिनिटं इतिहास ऐकणं ना सत्तरीच्या माणसाला जमतं ना आठ वर्षांच्या मुलाला. भाषेचा प्रश्न आपल्याला फारसा येत नाही, नागपूरची पोरं हिंदी ऐकतच मोठी होतात.

पुरातत्त्व खात्याच्या तिकिटांचं साधं आहे. कुतुब आणि हुमायूनच्या मकबऱ्यासाठी आम्ही काढली तेव्हा ऑनलाइन ३५ रुपये आणि खिडकीवर रोख ४० होते. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वय दाखवायला आधार कार्ड जवळ असू द्या. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. सगळे क्यूआर कोड एकाच्या फोनमध्ये असतात आणि सुरक्षा तपासणीला बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या होतात. बायकांची रांग पुढे सरकते आणि फोनवाला मागेच अडकतो. आम्ही सगळी तिकिटं तीन फोनमध्ये टाकली होती आणि एक छापील प्रतही ठेवली होती. प्रत्येक रांगेत एक फोन असला की झालं. मुलांच्या खिशात नाव आणि दोन मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी. शिवाय प्रत्येक वास्तूत शिरताच चुकलं तर कुठे यायचं ती जागा बोट दाखवून ठरवायची.

वारांची मांडणी सोमवारभोवती करावी लागते. सोमवारी लाल किल्ला बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद, राष्ट्रीय संग्रहालयही बंद. कुतुब, हुमायूनचा मकबरा आणि जंतर मंतर मात्र चालू असतात. म्हणून रविवारी पोचून मकबरा आणि युद्धस्मारक, सोमवारी कुतुब आणि जंतर मंतर, मंगळवारी लाल किल्ला आणि अलीपूर रोडवरचं डॉ. आंबेडकर स्मारक असा क्रम लावला. गाडी १७ सीटची टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. १४ माणसांना १४च सीट घेतल्या तर पिशव्या मांडीवर येतात.

हुमायूनच्या मकबऱ्यात शिरताच उजवीकडे ईसा खानची अष्टकोनी कबर लागते. ती मकबऱ्याहूनही जुनी, १५४७ची. ज्येष्ठांना इथे आणि पुढच्या चारबागेत, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेत, बसवावं, कारण मुख्य चौथऱ्यावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आणि चढ खडा आहे. चौघांपैकी दोघं वर आले. बाकी दोघांना बागेतून घुमट पूर्ण दिसला, वर गेल्यावर तो तसा दिसतही नाही. १८५७मध्ये शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी इथेच पकडलं. लाल किल्ल्याची गोष्ट सांगताना हा धागा लागतो, म्हणून गाइडला तो इथेच सोडून ठेवायला सांगितलं होतं.

संध्याकाळी राष्ट्रीय युद्धस्मारक. २५ फेब्रुवारी २०१९ला ते खुलं झालं. प्रवेश फुकट. ग्रॅनाइटच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. परम योद्धा स्थळावर परमवीर चक्र मिळालेल्या २१ जणांचे अर्धपुतळे आहेत. त्यात लान्स नायक अल्बर्ट एक्का मुलांना आवर्जून दाखवावेत. ते १९७१च्या युद्धातले १४ गार्ड्सचे जवान आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आपल्या कामठीत आहे. कामठी रोडवरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलाला हे नाव परकं राहत नाही. रविवारी इंडिया गेटला गर्दी फार असते, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचलेलं बरं.

कुतुबला सकाळी आठच्या आत शिरावं. मिनार ७२.५ मीटर उंच आहे आणि आत ३७९ पायऱ्या आहेत, पण १९८१च्या चेंगराचेंगरीनंतर वर सोडत नाहीत. त्यामुळे सगळी मजा खालून बघण्यात आहे आणि ती नीट बघायला पाऊण तास लागतो. मुलांना मजले वाचायला लावा. पहिल्या मजल्याच्या भिंतीवर एक पट्टा गोल, एक टोकदार, असे आलटून पालटून आहेत. दुसऱ्यावर सगळे गोल, तिसऱ्यावर सगळे टोकदार. वरच्या दोन मजल्यांवर पांढरा संगमरवर येतो आणि भिंत गुळगुळीत होते. १३६८ साली वीज पडून वरचा भाग ढासळला, तेव्हा फिरोजशाह तुघलकानं तो नव्यानं बांधला. फरक दिसतो तो त्यामुळे. हे कारण आधी सांगू नका, मुलांना फरक शोधू द्या. हिरवळीवर एक छत्री, म्हणजे खांबांवरची घुमटी, वेगळीच उभी दिसते. ती मेजर स्मिथ या इंग्रज इंजिनिअरनं १८२८मध्ये मिनारच्या डोक्यावर चढवली होती, पुढे १८४८मध्ये विजोड वाटते म्हणून उतरवली.

शेजारच्या मशिदीचे खांब जवळून बघावेत. २७ मंदिरांचं सामान वापरल्याचं तिथल्या शिलालेखातच म्हटलं आहे. खांबांवर साखळीला टांगलेल्या घंटा कोरलेल्या आहेत. प्रत्येक साखळीच्या कड्या सुट्या दिसतात इतकं काम बारीक आहे, मात्र आकृत्यांचे चेहरे छिन्नीनं उडवलेले आहेत. गाइडनं इथे आवाज न चढवता फक्त दाखवलं, ते मला फार पटलं. मधला लोखंडी स्तंभ ७.२ मीटरचा, गुप्तकाळातला. लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यानं वर एक पातळ थर तयार झाला आणि गंज थांबला. पाठीमागून हात घालून तो कवेत घ्यायची जुनी रीत होती. आता भोवती कठडा आहे.

जंतर मंतरला अकराच्या सुमारास पोचायचं आणि ऊन असेल तरच. १७२४मध्ये सवाई जयसिंगानं बांधलेल्या या वेधशाळेतलं सम्राट यंत्र म्हणजे मोठं सूर्यघड्याळ आहे. मधल्या उताराचा कोन दिल्लीच्या अक्षांशाइतका, सुमारे साडेअठ्ठावीस अंश. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते. सावलीच्या कडेवर नजर ठेवून दोन मिनिटं गप्प उभं राहिलं की ती सरकताना दिसते. घड्याळाशी वेळ जुळत नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि दिल्ली ७७.२ अंशावर, म्हणजे दर अंशाला चार मिनिटांप्रमाणे २१ मिनिटांचा फरक. फेब्रुवारीत सूर्याच्या चालीमुळे त्यात आणखी १४ मिनिटं पडतात, त्यामुळे खरी मध्यान्ह साडेबारानंतर होते. नागपूरची मध्यान्ह दिल्लीच्या साताठ मिनिटं आधी येते, हे मुलांनी स्वतः गणित करून काढलं.

लाल किल्ल्याला अडीच-तीन तास द्या आणि गाडी लांब सोडावी लागेल हे धरून चला. चांदणी चौकाचा मुख्य रस्ता दिवसा मोटारींना बंद असतो. चालणं खूप आहे, म्हणून व्हीलचेअर दारातच मागून घ्यावी. दिवाण-ए-आममध्ये, म्हणजे सार्वजनिक दरबारात, सिंहासनामागच्या भिंतीवर रंगीत दगडांचे पक्षी आणि फुलं आहेत. सगळ्यात वर वाद्य वाजवणारा ऑर्फियस, म्हणजे ग्रीक कथेतला माणूस मुघल बादशहाच्या डोक्यावर बसलेला! खालून नीट दिसत नाही, फोनचा कॅमेरा झूम करून बघावा. दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे खासगी दरबारात, मान वर करून छत बघा. आजचं छत नंतरचं, लाकडी आहे. मूळ छताला चांदी मढवलेली होती. १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी किल्ला घेतला तेव्हा फौजेच्या पगाराला पैसा नव्हता, म्हणून ती चांदी काढून वितळवली आणि नाणी पाडली. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. पानिपत शाळेत सगळे शिकतात, पण फौज उपाशी होती म्हणजे किती, ते या छताखाली उभं राहिल्यावर समजतं. म्हणूनच तिसरी अट घातली होती. किल्ल्यातल्या इंग्रजी बराकींत आता संग्रहालयं आहेत. आझाद हिंद सेनेचे खटले याच किल्ल्यात चालले, तेवढं एक दालन बघितलं आणि बाकी सोडली.

दुपारी जेवून २६, अलीपूर रोड. बाजारातल्या सहलींमध्ये हे ठिकाण बहुधा नसतं, गाइडला आधी सांगावं लागतं. लाल किल्ल्यापासून सिव्हिल लाइन्स जवळ आहे आणि मेट्रोची येलो लाइनही तिकडे जाते. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचं या पत्त्यावर महापरिनिर्वाण झालं. एप्रिल २०१८मध्ये खुलं झालेलं आजचं स्मारक संविधानाच्या उघड्या पुस्तकाच्या आकाराचं आहे. नागपूरच्या गटानं यासाठी दीड तास वेगळा काढावाच. आमच्यातल्या ज्येष्ठांनी सगळ्यात जास्त वेळ इथेच मागितला. म्हणून परतीची गाडी रात्री नऊनंतरची घ्यावी. गाइडचा हिशोब इथेच, गाडीत बसण्याआधी करावा आणि पावती घ्यावी. ड्रायव्हरचा भत्ता आणि पार्किंगचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवलेलं असलं म्हणजे स्टेशनवर वाद होत नाही.